अर्डिसच्या घरचे डावखुरे

अर्डिस टॉलेफसनला बेसबॉल फारसा कळत नाही. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच सांगते. आमच्या कोल्टन लँडिंगच्या मैदानावर तिसऱ्या बेसच्या मागच्या एका ठरावीक बाकावर ती वर्षानुवर्षं बसत आली आहे. मांडीवर विणकाम असतं. आजूबाजूचे लोक ओरडले की ती मान वर करून विचारते, "आपल्यासाठी चांगलं झालं का?" चांगलं झालं असेल तर दोन टाळ्या वाजवते आणि पुन्हा सुया हातात घेते.

आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. नदीकाठचं गाव, त्यामुळे नाव शोभतं. पण आयोवातल्या लोकांना स्वतःची थट्टा करायला आवडते, म्हणून संघ हरला की आम्हीच म्हणतो, "आज पण एका पायावर उभे राहिले." हा संघ शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरचा. शिडीच्या वरच्या टोकाला शहरातला मोठा संघ, आणि आमची मुलं त्याच्या मालकीची. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, कुणी टेक्सासचं, कुणी थेट मध्य अमेरिकेतलं. आपण एक दिवस वर जाणार, या एका आशेवर ती आमच्याकडं उन्हाळा काढायची. तेव्हा त्यांना मिळायचं ते इतकं थोडं, की खोली भाड्यानं घेणं परवडत नसे. म्हणून गावातली घरं एकेक मुलगा उन्हाळ्यापुरता ठेवून घेत. आता क्लबच त्यांना राहायला जागा देतो आणि ती पद्धत संपली. मुलांच्या दृष्टीनं ते बरंच झालं. पण त्या पद्धतीमुळे मला एक माणूस नीट दिसलं, आणि त्याबद्दल मी त्या पद्धतीची ऋणी आहे.

अर्डिसला मी तशी आधीपासून ओळखत होते. आम्ही एकाच शाळेत होतो. मी वरच्या मजल्यावर स्पॅनिश शिकवायची, ती तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात असायची आणि दुपारी पोरांना वाढायची. कधीतरी जिन्यात गाठून म्हणायची, "तुझ्या वर्गातला तो तांबड्या केसांचा आहे ना, त्यानं कालपासून बटाट्याला हात लावला नाही." एवढंच. का लावला नाही हे तिला बहुधा ठाऊक असायचं, पण ते ती सांगत नसे. मग मी त्या मुलाला त्या दिवशी प्रश्न विचारत नसे. असे किती मुलगे आणि मुली माझ्या रागातून वाचल्या असतील, मोजदाद नाही.

तिचा नवरा मर्ल धान्याच्या कोठारावर कामाला होता. तो गेला त्याच्या पुढच्या वसंतात क्लबच्या ऑफिसातली बाई तिच्या दारात आली. "एकच मुलगा, एकच उन्हाळा," म्हणाली. अर्डिस म्हणाली, "एक ताट जास्त, आणखी काय?" तो मुलगा पिचर होता, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि डावखुरा. पुढच्या वर्षी आला तोही डावखुरा पिचर. तिसऱ्या वर्षीही तेच झालं तेव्हा तिनं ऑफिसात विचारलं, की माझ्या घरात काही खोट आहे का? ते म्हणाले, निव्वळ योगायोग. तिनं मात्र जेवणाच्या टेबलाचा डावा कोपरा कायमचा राखून ठेवला, म्हणजे जेवताना कुणाचं कोपर कुणाला लागायला नको.

क्लबची यजमान घरांना एक ताकीद असे. मुलांना खाऊ घाला, रागवा, वाटलं तर कपडे धुऊन द्या. पण कोचला जाऊन काही विचारू नका आणि काही सांगूही नका. घरातलं घरात. बऱ्याच घरांत ही ताकीद चार दिवस टिकायची. अर्डिसनं ती स्वतःची करून घेतली. "माझ्या स्वयंपाकघरात जे बोललं जातं ते माझ्या भांड्यांनी ऐकलं, बास," असं ती म्हणायची. तिच्याकडच्या कुठल्या मुलाचं लग्न मोडलं, कोण रडत झोपला, यातलं काही मला कधी कळलं नाही. मी तिची जवळची मैत्रीण असूनही.

एका उन्हाळ्यात मात्र कळलं. तिला माझी स्पॅनिश लागली म्हणून.

त्या वर्षी तिच्याकडं नोर्लान ओबांदो नावाचा मुलगा होता. निकाराग्वातल्या रिवास गावचा, लांब हाताचा, लाजाळू. सोळाव्या वर्षी त्याला संघानं डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या शिबिरात नेलं होतं आणि तिथून तो आमच्याकडं आला होता. पहिल्याच आठवड्यात अर्डिसनं त्याच्यापुढं मक्याची कणसं ठेवली. आयोवात माणसाचं याहून मोठं स्वागत नाही. त्यानं एक घास घेतला आणि मला हळूच विचारलं, "प्रोफे," म्हणजे शिकवणाऱ्या बाई, "यात साखर घातलीय का?" मी म्हटलं, आमचा मका जन्मतःच गोड. "मग हे फळ आहे," तो म्हणाला, "मका नाही." अर्डिसला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. पण पुढच्या वेळी तिनं कणसांवर लिंबू-मीठ लावलं. त्यानं चार खाल्ली.

दर रविवारी त्याच्या आईचा, दोन्या रेइनाचा, म्हणजे रेइनाबाईंचा, फोन यायचा. मुलाशी बोलणं झालं की दोघी बायका बोलायच्या, मध्ये मी. विषय ठरलेले. जेवतो का? जेवतो. उन्हात टोपी घालतो का? नाही घालत, पण मी घालायला लावते. देव तुमचं भलं करो. तुमचंही. पंधरा मिनिटांत मी दमून जायची आणि त्या दोघी मात्र ताज्यातवान्या.

आईनं त्याला शिबिरात गेल्यापासून मैदानात पाहिलं नव्हतं. एकदा तिला व्हिसा नाकारला गेला होता. अर्डिसनं पुन्हा खटपट केली, मी फोन केले आणि जुलैच्या मध्याला कळलं, की ती येतेय. महिनाअखेरच्या शुक्रवारी तिचं विमान. रविवारी नोर्लानची चेंडू टाकायची पाळी. बातमी कळली त्या दिवशी तो घरभर गात फिरला, असं अर्डिसनं सांगितलं. आनंदाची बातमी ती सांगत असे.

आता त्या उन्हाळ्याचं दुसरं टोक. वरच्या मोठ्या संघाच्या पिचरांना कुणाची तरी दृष्ट लागली होती. एकाचा खांदा गेला, एकाचं कोपर, एकाच्या बोटाला फोड आला. चौथा तर घरी कुत्र्याला आंघोळ घालताना पाठ धरून बसला. वरच्यांना एखादा धडधाकट, अनुभवी पिचर तातडीनं हवा होता, आणि तो दुसऱ्या संघाकडून आणायचा म्हणजे बदल्यात काहीतरी द्यायला हवं. असलं काहीतरी म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात होतकरू पोरगा. अदलाबदलीची मुदत महिना संपताना संपते, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बाकांवर दुसरा विषय नसतो.

लाइल फासबेंडर हा अर्डिसचा शेजारी. निवृत्त न्हावी. कात्री सुटली, पण गिऱ्हाइकांशी बोलायची सवय सुटली नाही. तो मैदानावर कानाला रेडिओ लावूनच बसायचा.

"अर्डिस, तुझा पोरगा चालला बघ."

"कुठं चालला? बाथरूमला?"

"पश्चिमेला! नक्की बातमी आहे. बदल्यात चाळिशीचा म्हातारा येतोय, त्याचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी बनवलेले."

"मागच्या वर्षी तू तीन पोरांना पश्चिमेला पाठवलंस. तिघेही सप्टेंबरपर्यंत याच गावात कपडे वाळत घालत होते."

"या वेळी नक्की."

"लाइल, तू लोकांचे केस कापायचास तेव्हाही असंच 'थोडेच कापतो' म्हणायचास."

बाक हसला. अर्डिसही हसली, पण तिच्या सुया थांबल्या होत्या. मुलगा शुक्रवारच्या आत पश्चिमेला गेला, तर त्याची आई आयोवात उतरणार आणि तो तिथून दोन दिवसांच्या अंतरावर असणार. ही काळजी मला दिसत होती. दुसरी दिसत नव्हती.

ती सोमवारी दुपारी कळली. अर्डिसचा फोन आला, "अगं, येतेस जरा? ब्लूबेरीचा केक केलाय." तिच्या आवाजात केक नव्हता.

स्वयंपाकघरात नोर्लान टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर बसला होता. समोर केक होता आणि तो उजव्या हातानं खात होता.

अर्डिस म्हणाली, "त्याला विचार, कधीपासून?"

मी काही न कळता विचारलं. तो केक चिवडत राहिला. अर्डिस म्हणाली, "दुधाचा तो मोठा कॅन आहे ना, तो जूनपर्यंत डाव्या हाताच्या दोन बोटांनी उचलायचा. आता उजव्या हातानं उचलतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडायला देतो. दात घासायलाही उजवा हात. मी दारातून पाहिलं. माझ्याकडं एवढे डावखुरे राहून गेले, उजव्या हातानं खाणारा फक्त एकच होता."

मी हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला.

"दोन आठवडे," तो म्हणाला. "कोपराच्या आत. चेंडू सोडला की वीज गेल्यासारखं होतं. मग थांबतं. प्रोफे, त्यांना सांगा, थांबतं."

"आणि कोचला?"

"कोचला कसं सांगू? सांगितलं तर बसवतील. आई शुक्रवारी येतेय. ती मला बसलेला बघायला येणार का? फक्त दोन वेळा टाकायचंय. उद्या आणि रविवारी. उद्या जपून टाकतो. रविवारी आई बघेल. सोमवारी मी स्वतः सांगतो. आईशप्पथ."

मी हे अर्डिसला सांगितलं. मी तिथं नळासारखी बसले होते, एकीकडून आलं ते दुसरीकडं सोडत होते. स्वतःचं काही घालायचं नाही, हे मी वर्गात मुलांना शिकवलेलं, तिथं मला फार जड गेलं.

अर्डिसनं हात पुसले. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"त्याला सांग, की या घरातलं मी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि हेही सांगणार नाही. त्यानं घाबरू नये. कोचला माझ्याकडून काही कळणार नाही."

त्यानं मान हलवली. जरा सुटल्यासारखा दिसला.

"आणि हे सांग, की आधी एक मुलगा होता, कॉर्बिन. तोही उजव्या हातानं खायला लागला होता. मी बघितलं आणि गप्प बसले. मला वाटलं, आपण स्वयंपाक करायचा, त्यातलं आपल्याला काय कळतं. नवव्या दिवशी मैदानात त्याचं कोपर फाटलं. तो आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. आता तो अमरिलोला पाण्याचे पाइप विकतो. चांगलं चाललंय त्याचं. दर नाताळला फोन करतो, मला कधी काही बोलला नाही. पण गेल्या नाताळात त्याची बायको सांगत होती, की पोरीची वेणी घालायला बसतो आणि अर्ध्यात सोडतो. हात वर राहत नाही. एवढंच. त्याला काय करायचं ते त्यानं ठरवावं. केक झाकून ठेवते."

मी सांगितलं. 'वेणी' हा शब्द आला तेव्हा नोर्लाननं माझ्याकडं पाहिलं. मग तो उठला, ताटली धुतली, उजव्या हातानं, आणि वर निघून गेला.

"सांगेल का गं?" मी विचारलं.

"माहीत नाही," अर्डिस म्हणाली. "मी त्याच्या जागी असते तर आई येईपर्यंत सांगितलं नसतं."

मंगळवारी संध्याकाळी मैदान गच्च भरलं. नदीतून उठणाऱ्या माश्यांचे ते दिवस. पाण्यातून ढगासारख्या वर येतात, दिव्यांना चिकटतात, लोकांच्या केसांत आणि पॉपकॉर्नमध्ये पडतात. आम्ही त्या झटकून खात राहतो. ऊन अजून होतं म्हणून माश्या थोड्याच होत्या. नोर्लान मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभा राहिला तेव्हा अर्डिसनं विणकाम पिशवीत घातलं. असं तिनं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानं पहिला डाव टाकला, दुसरा टाकला. चांगला टाकत होता. लाइल कौतुक करत होता आणि अर्डिस दर चेंडूला डोळे मिटत होती. तिसरा डावही निर्विघ्न संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलं बाकाकडं परतली. चौथ्या डावाला उंचवट्यावर दुसराच पिचर चढला.

लाइल ताडकन उभा राहिला. "अरे! याला का काढलं? एवढं चांगलं टाकत होता!" आणि मग त्यानं खेळाडूंच्या बाकाकडं बोट दाखवलं. "बघा! बघा! मिठ्या!"

खरंच. खाली बाकाजवळ नोर्लान उभा होता आणि एकेक मुलगा येऊन त्याला मिठी मारत होता. त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरनं तर त्याला सोडलंच नाही. कोचनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नोर्लान तोंड पुसत होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं जुलैअखेरीस चांगला खेळणारा मुलगा मध्येच बाहेर काढला आणि बाकावर मिठ्या सुरू झाल्या, की त्याचा एकच अर्थ होतो. अदलाबदल ठरली. वरून फोन आला, आता त्याला दुखापत होऊ नये म्हणून ताबडतोब काढलं. शेंबडं पोरही हे ओळखतं. बातमी बाकाबाकानं वर चढली. कुणीतरी उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, मग सगळं मैदान उभं राहिलं. लाइलच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची बातमी खरी ठरल्याचा आनंद आणि पोरगा जाण्याचं दुःख, दोन्ही एकाच वेळी त्याला पेलेना. नोर्लाननं वर पाहिलं, गोंधळून टोपी काढली. टाळ्या आणखी वाढल्या.

अर्डिस टाळ्या वाजवत नव्हती. "शुक्रवार," ती मला म्हणाली. "शुक्रवारी ती बाई येणार आणि तो नसणार." मग पिशवी उचलली. "चल. बॅग भरायला हवी."

अदलाबदल झालेल्या मुलाला पहाटे निघावं लागतं. त्याची बॅग यजमान बाईनं भरायची, हा आमच्याकडचा रिवाज. आम्ही दोघींनी त्याचे शर्ट घडी करून ठेवले, बूट कागदात गुंडाळले, आईचा फोटो टॉवेलात. गल्लीतले लोक येऊ लागले. आमच्याकडं कुणाला वाईट वाटलं की ते बोलत नाहीत, भांडं भरून काहीतरी आणतात. अंड्याची सँडविचेस आली, बिस्किटं आली. लाइल दुकानातून केक घेऊन आला. त्यावर घाईघाईत 'आदियोस', म्हणजे निरोपाचा रामराम, लिहून घेतलेलं होतं. बॅग दाराशी ठेवली. बाहेर अजून संध्याकाळचा उजेड होता. एवढ्यात कॅचरची गाडी थांबली आणि नोर्लान पायऱ्या चढून आला.

दारात बॅग. आत वीस माणसं, हातात ताटल्या. टेबलावर 'आदियोस' लिहिलेला केक.

त्यानं बॅगेकडं पाहिलं, मग अर्डिसकडं. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. तो माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाला, "प्रोफे, तिसऱ्या डावानंतर मी कोचला खरं सांगितलं. त्या म्हणाल्या म्हणून सांगितलं. आता मी टाकू शकत नाही म्हणून मला काढतायत का?"

मी भाषांतर करून सांगायला तोंड उघडलं. पण अर्डिस तोवर पुढं आली होती. तिची नजर त्याच्या डाव्या हातावर होती. शर्टाच्या बाहीखाली कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली होती, आणि पाणी बोटांवरून ठिबकत होतं.

तिला माझी गरज उरली नाही. ती दाराशी जमिनीवर बसली. त्या वयाला जमिनीवर बसणं काही सोपं नाही. तिनं बॅगेची चेन उघडली आणि शर्ट बाहेर काढायला लागली. एक, मग दुसरा, मग तिसरा. आईच्या फोटोपाशी आली तेव्हा टॉवेल उलगडून तो त्याच्या उजव्या हातात दिला.

"लाइल," ती म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? हे शर्ट वर नेऊन ठेव. घड्या मोडू नकोस."

"म्हणजे अदलाबदल..."

"पोराचा हात दुखतोय."

लाइलनं शर्ट उचलले. जिन्यात थांबला. "मग त्या केकचं काय करायचं?"

"वरची अक्षरं खरवड आणि काप."

नोर्लान तोपर्यंत तिच्या शेजारी जमिनीवर बसला होता, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. तो केक सगळ्यांनी मिळून संपवला. नोर्लाननं उजव्या हातानं दोन तुकडे खाल्ले.

डॉक्टरांनी बुधवारी सांगितलं. आतला बंध फाटला नव्हता, विरला होता. आणखी एक-दोनदा जोर लावला असता तर फाटलाच असता. आता विश्रांती, चीरफाड नको. पश्चिमेच्या संघानं दुसऱ्या गावचा मुलगा नेला. गुरुवारी कोच अर्डिसच्या घरापाशी गाडी थांबवून उतरला. म्हणाला, "बरं झालं पोरानं सांगितलं. या वयात कुणी सांगत नाही. त्याला कुणी समजावलं का, टॉलेफसनबाई?"

अर्डिस झाडांना पाणी घालत होती. "माझ्याकडं केक असतो," ती म्हणाली. "बाकी मला बेसबॉलमधलं काही कळत नाही."

पुढचं इथंच सांगून टाकते. नोर्लान पुढच्या वर्षी पुन्हा टाकायला लागला, दोन पायऱ्या वर चढला. अगदी वरच्या संघापर्यंत पोचला नाही. पोचणारे शंभरात थोडेच. आता तो रिवासमध्ये लहान मुलांना चेंडू टाकायला शिकवतो, आणि दुखलं की सांगायला आधी शिकवतो. दोन्या रेइनाचा फोन अजून रविवारी येतो. मध्ये अजून मीच. अर्डिस चौऱ्याऐंशीची झाली. दोघी एकमेकींना अजून विचारतात, जेवतेस का?

पण त्या शुक्रवारी विमानतळाकडं जाताना अर्डिस गाडीत फार अस्वस्थ होती. शेतांकडं बघत म्हणाली, "ती विचारेल, माझ्या पोराचा खेळ बघायला मी एवढ्या लांबून आले आणि तू त्याला बसवलंस."

"तू कुठं बसवलंस? तो स्वतः..."

"वेणीची गोष्ट मी सांगितली. त्याला बसवायचंच होतं मला. ती तसं म्हणाली तर तिचं बरोबर आहे."

दोन्या रेइना लहानशी बाई निघाली, काखेत कापडी पिशवी, पिशवीत मक्याच्या आणि चीजच्या भाजलेल्या कडक रोस्कियास. तिनं आधी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग पट्टीत बांधलेलं कोपर पाहिलं आणि त्यावर हात ठेवला. काही विचारलं नाही. फोनवर त्यानं सगळं सांगितलंच होतं. अर्डिसला तिनं मिठी मारली, पण त्या विषयावर एक अक्षर नाही. शनिवारी दोघी दिवसभर स्वयंपाकघरात होत्या. मला बोलावलंच नाही. एकीनं चिरायचं, दुसरीनं ढवळायचं. मी डोकावले तर अर्डिसनं मला डोळ्यांनी विचारलं, काही म्हणाली का? मी मान हलवली, नाही.

रविवारी आम्ही सगळे तिसऱ्या बेसच्या मागच्या बाकावर बसलो. अर्डिस, तिच्याशेजारी दोन्या रेइना, मग नोर्लान, मग मी. लाइल मागं. उंचवट्यावर ओहायोचा एक मुलगा चढला. आज जिथं नोर्लान असणार होता तिथं. अर्डिसनं विणकाम काढलं, पण टाके चुकत होते. दोन्या रेइना मैदानाकडं फारशी बघतच नव्हती. मुलाचा डावा हात तिनं मांडीवर घेतला होता, त्याच्या कानातली धूळ पुसत होती, रोस्किया मोडून त्याच्या तोंडात घालत होती. तो लाजून म्हणायचा, "आई, लोक बघतायत." ती म्हणायची, "बघू देत. त्यासाठीच मैदानात आलेत."

पाचव्या डावात ती माझ्याकडं वाकली. "प्रोफेसोरा, त्यांना सांगा. हा सोळाचा असताना याला नेलं. तेव्हापासून मी याला फोनच्या पडद्यावर बघतेय. नेहमी लांब, नेहमी एवढासा. आज हा तिथं वर उभा असता तर मी याला इथूनच बघितलं असतं. पुन्हा लांब. पुन्हा एवढासा." तिनं उंचवट्याकडं बोट केलं. "त्या ओहायोच्या पोराची आईसुद्धा कुठंतरी बसली असेल, हात चोळत. सांगा त्यांना, या सगळ्या मैदानात आज मी एकटीच आहे, जिचा मुलगा तिच्या शेजारी बसलाय. हे मला त्यांनी दिलं."

मी अर्डिसला सांगितलं. स्वतःचं काही न घालता सांगितलं.

नदीकडून माश्यांचा ढग वर येत होता आणि दिवे नुकतेच लागले होते. अर्डिसनं पिशवीतून दोन रुमाल काढले आणि माझ्याकडं दिले.

"तिला सांग," ती म्हणाली, "डोक्याला हा बांध. आता माश्या येतील. आणि त्यालाही बांधायला लाव, टोपी घातली नाहीये त्यानं."

दोन्या रेइनानं ते मी सांगायच्या आधीच ओळखलं. दोन्ही रुमाल घेतले, एक आधी मुलाच्या डोक्याला बांधला, मग दुसरा स्वतःच्या. मागून सगळे ओरडले.

अर्डिसनं मान वर केली. "आपल्यासाठी चांगलं झालं का?"

लाइल म्हणाला, "चांगलं झालं, अर्डिस."

तिनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी दोनावर थांबली नाही.